नहर कोणत्या विभागाची?

पत्र:

आदरणीय बाई,
मी छत्रपती संभाजीनगरची, बेगमपुऱ्यात वाढले. गेल्या वर्षी भूशास्त्रात एम.एस्सी. झाले. आजीच्या लहानपणी आमच्या वाड्यातल्या हौदात नहरीचं, म्हणजे जमिनीखालून आणलेल्या जुन्या पाटाचं, पाणी यायचं. त्या गोष्टी ऐकत मोठी झाले, म्हणून नहरींवरच पीएच.डी. करायचं मनात आहे. इतिहासाच्या एका प्राध्यापकांना भेटले. ते म्हणाले, "विषय छान आहे, पण हा भूशास्त्राचा." भूशास्त्राच्या सरांकडे गेले तर ते म्हणाले, "हा इतिहास झाला, माझ्याकडे बसणार नाही." बाबा म्हणतात, भूजल विभागाच्या परीक्षा दे. मला मोडी येत नाही, फारसी तर नाहीच. 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द विद्यापीठांच्या प्रत्येक माहितीपत्रकात दिसतो, पण दार कोणाचं ठोठवायचं ते कळत नाही. मी वेळ वाया घालवते आहे का?
– एक नहरकाठची मुलगी

उत्तर:

प्रिय नहरकाठच्या मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात प्रश्न बरेच आहेत, पण ते सगळे तुझ्याविषयी आहेत: कुठे जाऊ, काय शिकू, वेळ वाया जातोय का. नहरीविषयी मात्र तू एकही प्रश्न विचारलेला नाहीस. 'नहरींवर' हा विषय झाला. विषय घेऊन गेलीस की समोरचा माणूस आधी तो आपल्या कपाटात मावतो का ते बघतो आणि मावला नाही की शेजारच्या खोलीत पाठवतो. त्या दोन्ही प्राध्यापकांना मी दोष देणार नाही. प्रश्न घेऊन गेलीस तर वागणं बदलेल, कारण प्रश्नाचं उत्तर 'हे माझं नाही' असं देता येत नाही. 'हे मला माहीत नाही' असं म्हणावं लागतं आणि तिथून बोलणं सुरू होतं.

प्रश्न म्हणजे काय, ते तुझ्याच शास्त्रातल्या एका कामावरून सांगते. कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, या शहराला पाणी पुरवणारी मोठी जलवाहिनी चौथ्या शतकात बांधली गेली आणि बाराव्या शतकापर्यंत चालू राहिली. हे इतिहासाच्या साधनांतून ठाऊक होतं. जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ तिथे गेले आणि त्यांनी पाटाच्या भिंतींवर साठलेला चुन्याचा थर तपासला. कठीण पाणी वाहत राहिलं की असा थर बसतो आणि झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा वर्षागणिक वाढतो. सातशे वर्षं पाणी वाहिलं, तर थर चांगला जाडजूड हवा होता. प्रत्यक्षात भरला तो जेमतेम 27 वर्षांचा. हे काम 2021 मध्ये प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ तूच मला सांगू शकतेस. शतकानुशतकं कोणीतरी तो पाट नियमाने खरवडत होतं. शेवटची साफसफाई झाली, त्यानंतर 27 वर्षं पाणी वाहिलं आणि मग बंद पडलं. एका मोठ्या टप्प्यात तिथे दोन समांतर पाट आहेत. एक बंद ठेवून साफ करता यावा म्हणून ते असावेत, असा त्या अभ्यासकांचा तर्क आहे. खरवडणाऱ्या मजुरांविषयी बखरकार सहसा लिहीत नाहीत. त्यांना राजाने जलवाहिनी बांधली एवढं पुरतं. त्या मजुरांची साक्ष दगडाने दिली. पण ते 'शतकानुशतकं' कळलं ते कागदावरून, दगडावरून नाही. दोन्हींतलं एक काढून टाकलं तर उरलेल्याला काहीच अर्थ राहत नाही. आंतरविद्याशाखीय काम म्हणतात ते याला. एका प्रबंधात भूशास्त्राचं एक प्रकरण आणि इतिहासाचं एक प्रकरण शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे नुसती शिवण, आणि तसे प्रबंध मी पुष्कळ पाहिलेत.

आता तुझ्या गावाकडे ये. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी, म्हणजे तुझंच गाव, वसवली आणि तिला नहरीने पाणी दिलं. 1626 मध्ये तो वारला. 1630 ते 1632 गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पीटर मंडी हा इंग्रज 1630 च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला, त्याने वाटेत पाहिलेली प्रेतं लिहून ठेवली आहेत. 1633 मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेलं. पुढे औरंगजेबाची सुभेदारी, मग हैदराबादचा निजाम. मालक बदलत गेले, पाणी मात्र तुझ्या आजीच्या हौदापर्यंत वाहत आलं. मग मला विचारावंसं वाटतं: नहर साफ कोण करत होतं, आणि तो पैसा कुठल्या खात्यातून येत होता? राज्य बदललं तेव्हा साफसफाईत खंड पडला का? अवर्षणाच्या वर्षांत नहरीला पाणी होतं का? आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी कुठल्या थरात मुरतं, सच्छिद्र थर कुठे असतो आणि तांबड्या मातीचा थर पाणी कुठे अडवतो, हे तुला माहीत आहे. मला माहीत नाही. नहर खणणाऱ्याला ते माहीत असणार, नाहीतर पाणी लागलंच नसतं. म्हणजे सतराव्या शतकातलं भूजलाचं ज्ञान कसं होतं हेही त्या खोदकामातच वाचायला मिळेल.

यातला एकच प्रश्न घे आणि एकाच नहरीपुरता घे. माझा कल साफसफाईच्या प्रश्नाकडे आहे, कारण त्याच्या खुणा दोन्हीकडे राहतात: चुन्यात, गाळात, डागडुजीच्या गिलाव्यात आणि हिशेबाच्या कागदात. तुलना हवी असेल तर बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आहे. अब्दुल रहीम खानखानानच्या काळातला, 1615 चा. आणि पुण्यात कात्रजहून शनिवारवाड्याकडे नानासाहेब पेशव्यांनी आणलेला नळ आहे, त्याचे उच्छ्वास, म्हणजे हवा जाण्यायेण्यासाठी वर काढलेली बांधकामं, अजून उभे आहेत. पण तुलना शेवटी कर. आधी तीनही गावं हिंडत बसलीस तर पाच वर्षं प्रवासात जातील.

कागदांचं जरा सविस्तर सांगते, कारण तू घाबरली आहेस ती याच जागी, आणि भीती अगदीच अनाठायी नाही.

मोगल दख्खनचं फारसी दफ्तर मोठ्या प्रमाणात हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात आहे, शहाजहान आणि औरंगजेब या दोघांच्या काळातलं. पेशव्यांचं दफ्तर पुण्यात, मोडीत. पहिली अडचण भाषेची नाही, नावाची आहे. तुझं गाव आधी खडकी होतं, मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याच्या नावाने काही काळ फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. सूचीत एकच नाव शोधलंस तर अर्धी कागदपत्रं तुझ्यासमोरून निघून जातील. दुसरी अडचण लिपीची. फारसी छापील अक्षरात वाचता येऊ लागली म्हणजे दफ्तर वाचता आलं असं नाही. कारकुनांची शिकस्ता लिखावट वेगळी, आणि जमाखर्चातले आकडे सियाक नावाच्या सांकेतिक पद्धतीने लिहिलेले. तुझ्या कामाचा पैसा नेमका त्या आकड्यांत आहे.

माझा सल्ला असा: मोडी आत्ताच सुरू कर. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ वर्ग घेतं, राज्याचं पुराभिलेख संचालनालयही प्रशिक्षण देतं. अक्षरं दोन-तीन महिन्यांत येतात. अस्खलित वाचायला दोन वर्षं रोज एक कागद लागतो, त्याला दुसरी वाट नाही. फारसीला किमान दोन वर्षं दे, पण स्वतः शिकस्ता वाचण्याचा हट्ट धरू नकोस. त्यासाठी जाणकार माणूस शोध, त्यांच्या शेजारी बस आणि प्रबंधात, पुढच्या लेखात, त्यांचं नाव आभाराच्या ओळीत नाही तर कामाच्या वाट्यात घाल. आपल्याकडे कागद वाचून देणाऱ्या माणसांच्या जिवावर किती पदव्या मिळाल्या आणि ती माणसं कशी निनावी राहिली, ते मी जवळून पाहिलं आहे. तू तसं करू नकोस.

तू स्वतः थोडी तरी फारसी शिकावी हा माझा आग्रह यासाठी, की जाणकाराने वाचून दाखवलेलं बरोबर आहे का, हे निदान विचारता तरी यायला हवं. टोरोंटो विद्यापीठाच्या मध्ययुगीन अभ्यास केंद्रात चित्रकलेवर काम करायचं असलं तरी लॅटिनची परीक्षा चुकत नाही. आपल्याकडे तसं बंधन नाही, म्हणून ते आपणच स्वतःवर घालून घ्यायचं. आणि तू वाटतं तितकी परकी नाहीस. दफ्तर, जमाबंदी, तारीख, रुजू, हौद, आणि तुझी नहरसुद्धा, ही सगळी त्याच वाटेने आपल्या घरात आलेली माणसं. माधव जूलियन यांचा 1925 चा फारसी-मराठी कोश जवळ ठेव. सुरुवातीला रोज लागेल.

तारखांचं मात्र एक वेगळं शास्त्रच आहे, आणि इथे मी माझी चूक सांगते. मी मूळची वनस्पतिशास्त्राची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा, फणस ही झाडं का राखावीत ते लिहिलंय. तो उतारा विद्यार्थिनी असताना वाचला आणि इतिहासाकडे वळले. कोकणातली जंगलं आणि वादळं असा काहीसा माझा विषय होता. सतराव्या शतकातलं एका वादळाचं वर्णन मला इंग्रजांच्या पत्रात सापडलं आणि दहा दिवसांच्या अंतराने दुसरं पोर्तुगीज पत्रात. मी आनंदाने लिहिलं: एकाच महिन्यात लागोपाठ दोन वादळं. त्यावर आठ पानांचा युक्तिवाद उभा केला. परीक्षकांनी एकच ओळ लिहून पाठवली: दोघांची पंचांगं तपासली का? गोव्याच्या पोर्तुगीजांनी 1583 पासून नवं, ग्रेगोरियन पंचांग घेतलं होतं. इंग्रज 1752 पर्यंत जुन्यावर होते. सतराव्या शतकात दोहोंत बरोबर दहा दिवसांचं अंतर पडतं. वादळ एकच होतं. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीखही जुन्या मोजणीची, नव्याने ती 16 जून येते. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, कारण वनस्पतिशास्त्रात ते लागत नाही आणि इतिहासवाले ते गृहीत धरतात. दोन शाखांच्या मधल्या फटीत पडायचं ते असं. मोठ्या सिद्धांतात आपण क्वचितच चुकतो, चुकतो ते अशा बारक्या गोष्टींत, ज्या त्या घरातल्या माणसाला सांगाव्याशाही वाटत नाहीत.

म्हणून इतिहासाच्या घरातल्या या बारक्या गोष्टींची तुझी स्वतःची वही कर. पहिली नोंद मीच देते. मराठी कागदावर 'सन खमस सितैन मया व अलफ' असं दिसेल. ते अरबी अंक अक्षरी आहेत, एकक आधी: पाच, साठ, शंभर, हजार. म्हणजे शुहूर सन 1165. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर 599 मिळव, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचा असेल तर 600. आलं 1764-65. हे वर्ष मृग नक्षत्रावर, पेरणीच्या तोंडावर सुरू होतं. पावसाचा आणि साफसफाईचा हिशेब लावणाऱ्याला याहून सोयीचं वर्ष नाही. दुसरी नोंद मापांची: खंडी वीस मणांची खरी, पण मण गावोगाव वेगळा. कुठलंही माप किलोत बदलण्याआधी ते कुठल्या पेठेचं आहे ते बघ.

आता दार. माझं मत स्पष्ट आहे: नोंदणी भूशास्त्रातच कर.

प्रश्न इतिहासाचा असला तरी पुरावा तपासायची तुझी ताकद भूशास्त्रात आहे, आणि परीक्षक भूशास्त्राचा असेल तर तो ती ताकद ओळखेल. दामोदर धर्मानंद कोसंबी नाण्यांकडे वळले तेव्हा त्यांनी गणित घरी ठेवलं नाही. नाणं जितकं हातोहाती फिरतं तितकं झिजतं, वजन घटतं. तक्षशिलेच्या ठेव्यातली नाणी तराजूत घालून त्यांनी संख्याशास्त्राने त्यांचा क्रम लावायचा प्रयत्न केला. गणितज्ञ म्हणून आले म्हणूनच नाणेशास्त्राला त्यांच्याकडून काही नवीन मिळालं. तू इतिहासात एम.ए. झालेल्या मुलीइतकी इतिहासकार लगेच होणार नाहीस, व्हायची गरजही नाही. पण इतिहासाचा सहमार्गदर्शक कागदोपत्री हवा, तोंडी आश्वासन नको. त्या दोघांना एकाच दिवशी नहरीवर घेऊन जा. नहरीवरच्या पाण्याच्या एकाच मनोऱ्याखाली उभे राहून ते एकमेकांना प्रश्न विचारू लागले तर पुढची वर्षं सोपी जातील, आणि नाही विचारले तर दुसरी जोडी शोध. रिचर्ड ईटन हे इतिहासकार आणि फिलिप वॅगनर हे कलेतिहासाचे अभ्यासक, दोघांनी मिळून दख्खनमधल्या कल्याण, रायचूर, वारंगळ या ठिकाणांवर 2014 मध्ये पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर दोन्ही नावं आहेत. असं काम एकट्याने करण्याचं नसतंच.

तिसरं दारही आहे, पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथल्या पुरातत्त्व विभागाला विज्ञानाच्या मुलांचं वावडं नाही, प्रयोगशाळेची परंपराही जुनी आहे. भूशास्त्रात खरोखर कोणीच तयार झालं नाही तर तिकडे जा.

बाबांचं ऐक. म्हणजे परीक्षा दे. भूजलाच्या नोकरीतला माणूस विहिरी आणि पाणलोट जितके पाहतो तितके कुठला संशोधक पाहत नाही, आणि ते तुझ्या नहरीच्या कामीच येणार आहे. त्याच जोडीला सीएसआयआरची भूविज्ञानाची नेट दे. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहेत, घरात बोलायला तेवढा आधार पुरतो. बार्टी, सारथी, महाज्योती या छात्रवृत्ती देणाऱ्या राज्याच्या संस्थांपैकी तुझ्या समाजघटकाला जी लागू असेल तिची जाहिरातही बघत राहा. एक धोका मात्र आधीच सांगते. पुढे इतिहास शिकवायची इच्छा झाली तर सहायक प्राध्यापकाच्या निवडीत तुझी पदव्युत्तर पदवी कुठल्या विषयातली हे पाहतात. प्रबंध कितीही इतिहासाचा असो, भूशास्त्राची एम.एस्सी. तिथे अडू शकते. दार उघडं ठेवायचं असेल तर दूरशिक्षणाने इतिहासाचं एम.ए. कर, पण पीएच.डी.च्या नोंदणीआधी. दोन पदव्या एकाच वेळी करायची मुभा 2022 मध्ये आली, पीएच.डी.ला ती लागू नाही.

नमुन्यांविषयी हात जोडून विनंती: नहरीचा एक कपचाही स्वतःहून फोडू नकोस. कुठला भाग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, कुठला राज्याच्या आणि कुठला कोणाच्याच नाही, याचा नकाशा आधी कर आणि लेखी परवानगी घे. रस्त्याच्या किंवा ड्रेनेजच्या खोदाईत खापरी नळांचे तुकडे वर येतात आणि राडारोड्याबरोबर निघून जातात. महानगरपालिकेच्या अभियंत्यांशी ओळख करून ठेव, म्हणजे खोदाई सुरू झाली की तुला फोन येईल. कुठल्या जागी, किती खोलीवर, कुठल्या बाजूला तोंड करून तुकडा होता, ते तिथल्या तिथे लिही. चुन्याचा थर असेल तर तो नळाच्या तळाशी आहे की चहूबाजूंनी, हेही. नळ भरून वाहत होता की अर्धा, ते त्यावरून तूच सांगशील. थर सापडलाच नाही, तर तीही नोंदच आहे. फक्त तेव्हा सगळा भार गाळावर आणि गिलाव्यावर येईल, हे मनात धरून प्रश्न आख.

वेळ वाया जातोय का, असं विचारलंस. तुझ्या पत्रात वाया गेलेली एकच गोष्ट मला दिसली. आजीचा उल्लेख तू एका वाक्यात करून पुढे गेलीस. हौदात पाणी शेवटचं कधी आलं? बारा महिने यायचं की पावसाळ्यानंतर? गढूळ यायचं तेव्हा कोणाला बोलवायचे, तो माणूस कुठल्या मोहल्ल्यातून यायचा, त्याला पैसे कोण द्यायचं, घरमालक की नगरपालिका? म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाही, म्हणून साल विचारू नकोस. लग्नाआधी की नंतर, रझाकारांच्या वेळी की त्यानंतर, असं विचार. तिच्या परवानगीने आवाज मुद्रित कर, वर तारीख आणि तिचं वय घाल. सहमार्गदर्शक शोधायला सहा महिने लागले तरी चालतील, आजीपाशी मात्र या रविवारीच बस.